आर्थर अ‍ॅश : तालीम संयमाची

डिसेंबर १९८१. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात डेव्हिस चषकाची अंतिम लढत सुरू होती. अमेरिका आणि अर्जेंटिना यांच्यातील दुहेरीचा सामना पाचव्या सेटपर्यंत ताणला गेला होता. एका बाजूला जॉन मॅकेन्रो आणि पीटर फ्लेमिंग, तर दुसऱ्या बाजूला गिलेर्मो विलास आणि होजे लुईस क्लर्क. फटक्यांइतकीच शाब्दिक चकमकही रंगली होती आणि मॅकेन्रोचा पारा नेहमीप्रमाणे चढला होता. कोर्टाच्या कडेला अमेरिकेच्या कर्णधाराच्या खुर्चीत एक सडपातळ, कृष्णवर्णीय माणूस बसला होता. आवाज चढवणे त्याच्या स्वभावात नव्हते. तरीही त्या दिवशी खुर्चीतून उठून त्याने आपल्या खेळाडूंना कडक शब्दांत समज दिली. ती समज फार काळ टिकली नाही. पाचवा सेट ११-९ असा जिंकून अमेरिकेने आघाडी घेतली खरी. परंतु त्या रात्री कर्णधाराला विजयाचे समाधान नव्हते. पुन्हा असे घडले, तर देशाचा सामनाच सोडून द्यायचा, इथपर्यंत त्याने मनाची तयारी केली होती.

तशी वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मॅकेन्रो शांतपणे खेळला, पाच सेटमध्ये क्लर्कला हरवून त्याने चषक अमेरिकेच्या पदरात टाकला. पण आर्थर अ‍ॅश या माणसाच्या साऱ्या आयुष्याचा पेच त्या एका रात्रीत सामावलेला होता. राग गिळून खेळायला तो लहानपणी शिकला होता, कारण त्याला दुसरा मार्गच नव्हता. ज्यांना राग गिळण्याची कधी गरजच पडली नाही, अशांना तो आता शिकवू पाहत होता.

अ‍ॅशचा जन्म १० जुलै १९४३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची ही राजधानी. युद्ध संपून ऐंशी वर्षे होत आली होती, तरी शहरात शाळा, बसमधील जागा आणि खेळाची मैदाने वर्णानुसार वाटलेली होती. अ‍ॅशचे वडील ब्रुक फील्ड या कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या उद्यानाचे रखवालदार होते. उद्यानातच रखवालदाराचे घर होते आणि घराला लागून टेनिसची कोर्टे. अ‍ॅश सहा वर्षांचा असताना, १९५० मध्ये त्याची आई गेली. तेव्हा तिचे वय अवघे २७ होते. मागे राहिले दोन मुलगे, आर्थर आणि पाच वर्षांनी लहान असलेला जॉनी. वडील कडक शिस्तीचे. शाळेतून घरी यायला चालत किती मिनिटे लागतात, याचा हिशेब त्यांच्याकडे पक्का असे आणि त्याहून जास्त वेळ त्यांना खपत नसे. मुलगा भटकला, तर दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला काय येऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते.

किडकिडीत अंगाचा हा मुलगा दिवसभर कोर्टाच्या आसपास घुटमळत असे. व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात शिकणारा रॉन चॅरिटी हा तरुण तेथे सरावाला येई. त्याने अ‍ॅशच्या हाती रॅकेट दिली आणि टेनिसची मुळाक्षरे गिरवून घेतली. मुलाची चमक लक्षात आल्यावर चॅरिटीने त्याला लिंचबर्ग गावातील डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेले. अ‍ॅशच्या आयुष्याला वळण लागले ते येथे.

डॉ. जॉन्सन पेशाने वैद्यक व्यावसायिक. तरुणपणी त्यांनी महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल गाजवला होता, टेनिसकडे ते वळले नंतर. आपल्या घराच्या आवारात त्यांनी कोर्ट बांधले होते आणि दर उन्हाळ्यात निवडक कृष्णवर्णीय मुलामुलींना ते स्वतःच्या घरी ठेवून घेत. १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन जिंकणारी अल्थिया गिब्सन ही त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. १९५३ पासून अ‍ॅशचे उन्हाळे या घरी जाऊ लागले. फटक्यांचा सराव तर होताच. पण डॉक्टरांच्या शाळेत वर्तणुकीचे नियम त्याहून कडक होते. पंचांशी वाद घालायचा नाही. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेबाहेर इंच-दोन इंच पडला, तरी तो आत समजून परतवायचा. बाजू बदलताना चेंडू गोळा करून प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यायचे. रॅकेट आपटायची नाही, चेहऱ्यावर नाराजी दाखवायची नाही.

वरवर पाहता हे सभ्य खेळाचे धडे वाटतात. त्यांच्यामागचा हिशेब मात्र रोकडा होता. गोऱ्यांच्या स्पर्धांमध्ये या मुलांना मोठ्या मिनतवारीने प्रवेश मिळत असे. एका वादाचे निमित्त झाले असते, तरी दरवाजा पुन्हा बंद झाला असता. अ‍ॅशच्याच गावात बर्ड पार्क येथील कोर्टे त्याला बंद होती. तेथील कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत खेळू न देता त्याला परत पाठवण्यात आले होते. तेव्हा संयम हा अलंकार नव्हता, ती ढाल होती. ही ढाल अ‍ॅशच्या अशी अंगवळणी पडली, की पुढे आयुष्यभर तिचे वजन त्याला जाणवले नाही; किंवा जाणवले तरी त्याने ते दाखवले नाही.

रिचमंडमध्ये हिवाळ्यात सराव करण्यासाठी कृष्णवर्णीय मुलाला बंदिस्त कोर्ट उपलब्ध नव्हते. म्हणून शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी, १९६० मध्ये, अ‍ॅशला सेंट लुईस शहरात पाठवण्यात आले. तेथे रिचर्ड हडलिन या शिक्षकाच्या घरी तो राहिला. हडलिन स्वतः एकेकाळी शिकागो विद्यापीठाच्या टेनिस संघाचे कर्णधार होते. सेंट लुईसमधील लाकडी तळाच्या वेगवान कोर्टांवर अ‍ॅशची सर्व्हिस धारदार झाली. नेटकडे धाव घेऊन गुण संपवण्याची सवयही तेथेच लागली. कनिष्ठ गटाचे राष्ट्रीय बंदिस्त विजेतेपद त्याने मिळवले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. विद्यापीठांच्या टेनिसमध्ये यूसीएलए या नावाने ओळखली जाणारी ही संस्था तेव्हा देशात अव्वल होती. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन याच विद्यापीठाचा.

अमेरिकेत विद्यापीठांचे टेनिस म्हणजे केवळ आंतरमहाविद्यालयीन करमणूक नव्हे. त्या काळी राष्ट्रीय संघाची ती मुख्य नर्सरी होती. यूसीएलएचे प्रशिक्षक जे. डी. मॉर्गन हे करारी गृहस्थ. कोर्टाबाहेरही अ‍ॅशने कोणत्या प्रसंगी कसे पाऊल टाकावे, यावर त्यांचे लक्ष असे. एकदा एका उच्चभ्रू क्लबने विद्यापीठाच्या संघाला स्पर्धेचे निमंत्रण दिले आणि त्यातून अ‍ॅशला नेमके वगळले. मॉर्गन यांनी ही गोष्ट त्याच्यापासून लपवली नाही. या प्रसंगावर आवाज उठवायचा, की खेळून उत्तर देता येईल अशा मोठ्या दिवसाची वाट पाहायची, हे दोघांनी मिळून ठरवले. त्यांनी वाट पाहण्याचे ठरवले. लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅशला पांचो गोन्झालेसचेही मार्गदर्शन लाभले. मेक्सिकन वंशाचा, गरिबीतून वर आलेला हा जुना विजेता त्याचा लहानपणापासूनचा आदर्श होता.

१९६३ मध्ये अ‍ॅशची डेव्हिस चषकासाठी अमेरिकेच्या संघात निवड झाली. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. विद्यापीठाच्या मैदानात मात्र अजून एक अडसर बाकी होता. शेजारच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेनिस राल्स्टनने १९६३ आणि १९६४ ही दोन्ही वर्षे आंतरविद्यापीठ एकेरीचे विजेतेपद स्वतःकडे राखले होते. १९६५ मध्ये अखेर अ‍ॅशचा दिवस आला. त्या वर्षी त्याने राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकेरी जिंकली, न्यूझीलंडच्या इयन क्रुकेंडनबरोबर दुहेरी जिंकली आणि सांघिक विजेतेपदही यूसीएलएकडेच आले. पुढच्या वर्षी त्याने व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. पदवीचे त्याला विजेतेपदाइतकेच मोल होते. खेळ कधीतरी संपणार आणि शिक्षण उरणार, ही वडिलांची शिकवण त्याने मनावर घेतली होती. पुढे खेळाडूंच्या शिक्षणावरून देशात वाद पेटला, तेव्हा याच विचारावर तो ठाम उभा राहिला.

विद्यापीठात घेतलेल्या लष्करी शिक्षणामुळे त्याला सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करणे बंधनकारक होते. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत त्याची नेमणूक झाली. दिवसा संगणकीय माहितीच्या विभागात काम आणि त्याबरोबर अकादमीतील टेनिसची जबाबदारी. शिकवण्याच्या कामाशी त्याचा पहिला संबंध आला तो असा, अंगावर गणवेश असताना. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा भरात होते. धाकटा भाऊ जॉनी मरीन दलात होता आणि तेथील एक फेरी पुरी करून आला होता. एका घरातील दोन भावांना एकाच वेळी रणांगणावर धाडत नाहीत, या समजापोटी जॉनीने आपण होऊन दुसऱ्या फेरीसाठी नाव दिले. थोरल्या भावाचा खेळ वाचावा, हा त्याचा हेतू. असे ऋण फेडता येत नसते.

या पार्श्वभूमीवर १९६८ हे वर्ष उजाडले. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची. देश पेटलेला होता आणि लेफ्टनंट अ‍ॅश रजा काढून टेनिस खेळत होता. ऑगस्टमध्ये त्याने बोस्टन येथे राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकली. लगेच पुढे न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर पहिली अमेरिकन खुली स्पर्धा झाली. व्यावसायिक आणि हौशी खेळाडू प्रथमच एकत्र उतरले होते. अंतिम फेरीत हॉलंडच्या टॉम ओक्करला अ‍ॅशने १४-१२, ५-७, ६-३, ३-६, ६-३ असे नमवले. एकाच वर्षी राष्ट्रीय हौशी आणि अमेरिकन खुली अशा दोन्ही स्पर्धा जिंकणारा तो एकमेव खेळाडू. विजेत्याचे १४ हजार डॉलर मात्र हौशी असल्यामुळे त्याला घेता आले नाहीत. ते उपविजेत्या ओक्करला मिळाले. अ‍ॅशच्या हाती पडला तो रोजचा २० डॉलर भत्ता. बक्षीस समारंभात वडील कोर्टावर आले, तेव्हा त्या कडक माणसाचे डोळे पाणावले होते. वर्षअखेरीस अ‍ॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाला हरवून अमेरिकेने डेव्हिस चषकही परत आणला.

प्रसिद्धी मिळाल्याबरोबर अ‍ॅशने पहिले मोठे काम हाती घेतले ते मुलांसाठी. १९६९ मध्ये विद्यापीठातील मित्र चार्ली पासारेल आणि शेरिडन स्नायडर यांच्यासह त्याने राष्ट्रीय कनिष्ठ टेनिस लीग सुरू केली. शहरांच्या गरीब वस्त्यांतील मुलांना सार्वजनिक कोर्टावर आणायचे, हातात रॅकेट द्यायची आणि त्या निमित्ताने शाळेची, वेळेची, वागण्याची गोडी लावायची, अशी ही योजना होती. विजेते घडवणे हा तिचा मुख्य हेतू कधीच नव्हता. डॉ. जॉन्सन यांनी आपल्या घरच्या कोर्टावर मूठभर मुलांसाठी जे केले, तेच अ‍ॅशला हजारो मुलांसाठी करायचे होते. फरक एवढाच, की लिंचबर्गची शाळा बंद दरवाजे उघडण्यासाठी होती. ही शाळा उघडलेल्या दरवाजातून मुलांना आत आणण्यासाठी. लष्करी सेवेनंतर मायामीतील एका प्रसिद्ध हॉटेलच्या टेनिस विभागाचा संचालक म्हणूनही त्याने अनेक वर्षे काम पाहिले. आणि जेथे खेळायला जाई, तेथे मुलांसाठी एखादे शिबिर घेणे हा त्याचा नित्यक्रम झाला.

अशाच एका दौऱ्यात, १९७१ मध्ये, आफ्रिकेतील कॅमेरून देशात याउंदे येथे एका शाळकरी मुलाचा खेळ पाहून तो थबकला. मुलाचे नाव यानिक नोआ. अ‍ॅशने फ्रेंच टेनिस संघटनेतील आपले स्नेही फिलिप शात्रिए यांना फोन करून कळवले आणि मुलगा प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेला. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, हाच नोआ फ्रेंच खुल्या स्पर्धेचा विजेता झाला.

दक्षिण आफ्रिका हा अ‍ॅशच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त अध्याय. १९७० मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकली. त्याच सुमारास वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने त्याला तेथे खेळण्यासाठी व्हिसा नाकारला. पुढेही नकार मिळत गेला. १९७३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा प्रेक्षकांना वर्णानुसार बसवू नये, अशी अट घालून तो गेला. जोहान्सबर्गमध्ये एकेरीच्या अंतिम फेरीत तो जिमी कॉनर्सकडून हरला, मात्र ओक्करच्या साथीने दुहेरी जिंकला. सोवेटोत त्याने मुलांचे शिबिर घेतले, तेव्हा काही तरुणांनी तो गोऱ्या राजवटीला सोयीचा पाहुणा ठरतो आहे, असा आरोप त्याच्या तोंडावर केला. त्याने तो ऐकून घेतला. एका कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांविरुद्ध मोकळेपणाने खेळताना तेथील मुलांनी पाहावे, ही त्याची भूमिका होती.

या प्रश्नावर भारताने नेमकी उलट वाट धरली होती. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, भारतीय संघ पुण्यात सोव्हिएत संघावर मात करून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका आली. अमृतराज बंधू ऐन बहरात असतानाही भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. जाऊन खेळणे योग्य, की न खेळणे योग्य? अ‍ॅशचे स्वतःचेच मत पुढे बदलत गेले. बहिष्काराचा तो खंदा पुरस्कर्ता झाला, १९८३ मध्ये कलावंत आणि खेळाडूंच्या वर्णभेदविरोधी संघटनेच्या उभारणीत त्याने गायक हॅरी बेलाफोंटे यांना साथ दिली आणि १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शने करताना त्याला अटकही झाली. आपली चूक दिसली की मार्ग बदलण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १९९० मध्ये सुटकेनंतर नेल्सन मंडेला न्यूयॉर्कला आले, तेव्हा दोघांची भेट झाली.

खेळाडू म्हणून अ‍ॅशचा कळस झाला तो ५ जुलै १९७५ रोजी, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात. समोर गतविजेता कॉनर्स होता. वय २२, जगात अव्वल, अंतिम फेरीपर्यंत एकही सेट न गमावलेला. अ‍ॅशचे वय बत्तिसाव्या वर्षाला टेकलेले आणि कॉनर्सविरुद्ध पूर्वीच्या तिन्ही लढती गमावलेल्या. त्यात व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने अ‍ॅशने कॉनर्सच्या डेव्हिस चषक टाळण्यावर टीका केली होती आणि कॉनर्सने त्याच्यावर लक्षावधी डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला होता. अ‍ॅश कोर्टावर आला तो डेव्हिस चषक संघाचे, देशाचे नाव लिहिलेले जाकीट घालून. तोंडाने तो काहीच बोलला नाही.

आदल्या रात्री मित्रांबरोबर बसून त्याने डाव आखला होता. कॉनर्सला वेगवान चेंडू आवडत. प्रतिस्पर्ध्याच्या वेगावरच तो फटके मारी. अ‍ॅशचा नैसर्गिक खेळ नेमका वेगाचा. त्या दिवशी त्याने स्वतःचाच खेळ गुंडाळून ठेवला. कॉनर्सच्या फोरहँडवर त्याने बिनवेगाचे, खाली राहणारे चेंडू दिले. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या कॉनर्सला बाजूला ताणण्यासाठी सर्व्हिस फिरवून बाहेरच्या कोपऱ्यात टाकली आणि तो पुढे आला की डोक्यावरून लॉब टाकले. बाजू बदलताना तो खुर्चीत डोळे मिटून स्वस्थ बसे. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा कॉनर्सने ७-५ असा घेतला, चौथ्यात आघाडीही घेतली. आता अ‍ॅश जुन्या सवयीने जोरात मारू लागेल, अशी अटकळ होती. त्याने डाव बदलला नाही. चौथा सेट ६-४ असा जिंकून तो विम्बल्डनचा पहिला कृष्णवर्णीय पुरुष विजेता ठरला. त्यानंतर आजवर दुसरा कोणी झालेला नाही.

हा विजय वेगाचा नव्हता, स्वतःला आवरण्याचा होता. तरीही अ‍ॅशला राग येतच नसे, असे समजणे चूक ठरेल. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे मास्टर्स स्पर्धेत इली नास्तासेने पोरकटपणे वेळकाढूपणा चालवला, तेव्हा आघाडीवर असलेला अ‍ॅश संतापून कोर्ट सोडून निघून गेला. आरंभी दोघांनाही बाद ठरवण्यात आले, नंतर विजय अ‍ॅशला बहाल झाला. नास्तासेने दिलगिरी म्हणून त्याला फुले पाठवली. त्याच्या कारकिर्दीतील हा प्रसंग लोकांच्या ध्यानात राहिला, कारण तो एकुलता एक होता.

१९७७ मध्ये छायाचित्रकार जीन मूटूसामी हिच्याशी अ‍ॅशचा विवाह झाला. त्याच वर्षी टाचेवर शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारीत तो फार खाली घसरला. तेथून वर चढत जानेवारी १९७९ मध्ये त्याने न्यूयॉर्कला मास्टर्सची अंतिम फेरी गाठली. तरुण मॅकेन्रोविरुद्ध विजयापासून तो एका गुणावर असताना सामना निसटला. सहा महिन्यांनी, जुलैमध्ये, छत्तिसाव्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला. डिसेंबरमध्ये चार रक्तवाहिन्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. एप्रिल १९८० मध्ये त्याने खेळाचा निरोप घेतला आणि १९८१ पासून डेव्हिस चषक संघाचा न खेळणारा कर्णधार म्हणून सूत्रे हाती घेतली.

कर्णधारपदाच्या पाच वर्षांत अमेरिकेने १३ लढती जिंकल्या आणि तीन गमावल्या. १९८१ पाठोपाठ १९८२ मध्येही चषक मिळाला. ती अंतिम लढत फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे झाली. पहिल्या सामन्यात मॅकेन्रोसमोर होता यानिक नोआ. पाच सेटची ती झुंज मॅकेन्रोने १२-१०, १-६, ३-६, ६-२, ६-३ अशी जिंकली. ज्या मुलासाठी एकेकाळी अ‍ॅशने पॅरिसला फोन लावला होता, तो आता फ्रान्सचा आधारस्तंभ होता. त्याला हरवण्याच्या युक्त्या सांगणे हे अ‍ॅशचे कर्तव्य होते. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण क्वचित येतात.

आकडे चांगले होते, पण अ‍ॅश सुखात नव्हता. कर्णधार फारच गप्प असतो, खेळाडूंना तो पेटवत नाही, अशी कुजबुज होती. १९८४ मध्ये स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे अंतिम लढतीत कॉनर्स आणि मॅकेन्रो दोघेही संघात असताना अमेरिका ४-१ अशी हरली. त्याहून अधिक बोचले ते कॉनर्सचे कोर्टावरील वर्तन. पुढच्या वर्षी टेनिस संघटनेने खेळाडूंकडून चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी मागितली. मॅकेन्रो आणि कॉनर्स त्या वर्षी खेळले नाहीत आणि हॅम्बुर्गमध्ये सतरा वर्षांच्या बोरिस बेकरच्या पश्चिम जर्मनीने अमेरिकेला बाहेर काढले. अ‍ॅशने कर्णधारपद सोडले.

या अपयशाचे मूळ काय? अ‍ॅशला संयम समजावून सांगावा लागला नव्हता. बर्ड पार्कच्या बंद फाटकाने तो शिकवला होता. मॅकेन्रोची प्रतिभा त्याला मनापासून प्रिय होती. त्या बेबंदपणाचा त्याला कोठेतरी हेवाही वाटत असावा. रेषेच्या निर्णयावरून आरडाओरडा करूनही ज्याला कोणी स्पर्धेतून हाकलत नाही, अशा खेळाडूला डॉ. जॉन्सन यांचे नियम पटवणार तरी कसे? ते नियम ढाल म्हणून घडवले होते. ज्याच्यावर कोणी वार करत नाही, त्याला ढाल जड वाटणारच.

ती तालीम उपयोगी पडली ती अन्यत्र. १९८३ मध्ये फ्लोरिडातील एका महाविद्यालयात अ‍ॅश कृष्णवर्णीय खेळाडूंच्या इतिहासावर शिकवू लागला आणि या विषयावर धड पुस्तकच नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने स्वतःच संशोधकांचा चमू जमवून काही वर्षे खपून ‘अ हार्ड रोड टू ग्लोरी’ हा तीन खंडांचा इतिहास सिद्ध केला. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षक निक बोलेटिएरी यांच्याबरोबर त्याने शहरी मुलांसाठी आणखी एक उपक्रम सुरू केला. विद्यापीठांनी खेळाडूंना प्रवेश देताना अभ्यासाच्या अटी कडक कराव्यात, ही त्याची मागणी अनेक कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना रुचली नाही. अटी कडक झाल्या, तर गरीब मुलांची वाट बंद होईल, अशी त्यांची रास्त भीती होती. अ‍ॅशचे म्हणणे असे, की मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाही त्यांचा अपमानच आहे.

त्या इतिहासाचे खंड पूर्ण होत असतानाच १९८८ मध्ये त्याचा उजवा हात लुळा पडला. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर निदान झाले ते एड्सचे. १९८३ मध्ये झालेल्या दुसऱ्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून विषाणू शरीरात शिरला होता. रक्ततपासणीची सोय त्यानंतर आली. घरी दत्तक घेतलेली लहानगी कॅमेरा होती. तिच्यासाठी पती-पत्नींनी ही गोष्ट निकटच्या मित्रांपुरती ठेवली. एप्रिल १९९२ मध्ये एका वृत्तपत्राकडून विचारणा झाली आणि बातमी फुटणार हे दिसताच अ‍ॅशने ८ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद बोलावली. निवेदन वाचताना मुलीचा उल्लेख आला आणि कोर्टावर कधी न फुटलेला तो बांध फुटला. पुढचा भाग जीनने वाचला. एखाद्याचा आजार जगाला सांगण्याचा हक्क वृत्तपत्रांना आहे का, हा प्रश्न त्या दिवसापासून पत्रकारितेत विचारला जात आहे.

उरलेले दहा महिने त्याने स्वतःसाठी राखून ठेवले नाहीत. एड्सविरोधी लढ्यासाठी प्रतिष्ठान काढले, सभांमधून बोलत राहिला. सप्टेंबरमध्ये हैतीच्या निर्वासितांना परत पाठवण्याच्या धोरणाविरुद्ध व्हाइट हाउससमोर निदर्शने करताना त्याला पुन्हा अटक झाली. अंगात बळ राहिले नव्हते, पण गप्प राहण्याचे दिवस त्याने मागे टाकले होते. ‘डेज ऑफ ग्रेस’ या आत्मकथनावर शेवटपर्यंत काम चालू होते. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. वय अवघे ४९. रिचमंडमध्ये राज्यपालांच्या निवासस्थानी अंत्यदर्शनासाठी हजारोंची रांग लागली आणि आईच्या शेजारी त्याला मूठमाती देण्यात आली.

१९९७ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या मुख्य स्टेडियमला अ‍ॅशचे नाव देण्यात आले. रिचमंडमधील त्याचा पुतळा त्याआधीच, १० जुलै १९९६ रोजी, मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर उभा राहिला होता. यादवी युद्धातील दक्षिणेच्या सेनानींचे भव्य पुतळे याच रस्त्यावर होते, त्यामुळे तेव्हा बराच वाद झाला. २०२० आणि २०२१ मध्ये त्या सेनानींचे पुतळे एकामागून एक उतरवले गेले. अ‍ॅशचा पुतळा जागेवर आहे. घोडा नाही, तलवार नाही. एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात पुस्तके आणि भोवती मान वर करून पाहणारी मुले.